बुधवारची आई

“चारही ताटांवर एकच नाव घाला,” तो म्हणाला. “आई.”

भांड्यांच्या दुकानदारानं नाव घालायचं मशीन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “कुणाची आई?”

“माझी.”

“चार ताटं एका आईला?”

“नाही हो. चार ताटं, चार आया.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं वळून पाहिलं. ओढणीचं टोक तोंडावर धरून एक मुलगी उभी होती. हातात पातेलं, कपाळावर पावसाचे चार थेंब, आणि डोळे असे की हसू ओढणीनं झाकलं तरी तिथून बाहेर पडतंय.

“हसायला काय झालं?”

“मी कुठे हसले?”

“खांदे हलले तुमचे.”

“थंडी वाजतेय.”

दोन हजार तीन सालचा आषाढ होता तो. जुन्नरच्या बाजारपेठेत बारीक भुरभुर चालली होती आणि थंडी म्हणावी अशी थंडी कुठेच नव्हती. हे दोघांनाही ठाऊक होतं. हर्षालीनं मग नजर दुकानातल्या पिंपांकडे वळवली. पण गप्प बसणं हा तिचा स्वभावच नव्हता.

“चार आया म्हणजे... तुमच्या वडिलांनी...” तिनं जीभ चावली.

“वडिलांनी लग्न एकदाच केलं. बाकीच्या तिघी मी मिळवल्या.”

“अशा कशा मिळतात?”

“सांगायला वेळ लागेल. चहा घेता घेता सांगण्यासारखं आहे.”

“मला वेळ नाही,” ती म्हणाली आणि पातेलं छातीशी धरून पायरी उतरायला लागली.

“अहो,” मागून आवाज आला, “पातेल्याचा कान वाकडा बसवलाय त्यांनी.”

तिनं बघितलं. खरंच वाकडा होता. तिला दुकानात परत यावं लागलं, दुकानदाराशी भांडावं लागलं, आणि तो कान सरळ होईपर्यंत त्या चार आयांच्या मुलाशेजारी उभं राहावं लागलं. दोघं आळीपाळीनं एकमेकांकडे बघत होती आणि नजर भिडली की पातेल्याकडे बघत होती. अनोळखी माणसाची आठवण घरी पोचेपर्यंत टिकायचं काही कारण नव्हतं. पण ती टिकली, आणि रात्री भात परतून पातेलं घासतानाही गेली नाही.

हर्षाली जुन्नरात नवी नव्हती, पण जुनीही नव्हती. वडील लहानपणीच गेले. आई साळुबाई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. पोरीला एकटं घरी ठेवायचं कसं, म्हणून आत्यानं तिला मंचरला नेलं. शाळा तिथेच, कॉलेज तिथेच. या उन्हाळ्यात ती शिक्षण संपवून आईकडे कायमची परत आली होती आणि बाजारपेठेतल्या एका औषधाच्या दुकानावर माडी चढून गेलं की जो कॉम्प्युटर क्लास लागतो, तिथे शिकवायला लागली होती. तेव्हा सरकारी नोकरांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली होती. तलाठी, ग्रामसेवक, झालंच तर निवृत्तीला आलेले हेडमास्तर, सगळे वह्या घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि तिला ‘मॅडम’ म्हणायचे.

पुढच्याच सोमवारी त्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर, तो बसला होता.

“नाव?” तिनं शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

“सुदर्शन. कृषी सहायक. घाटघरचा.” मग हळूच, “कान टिकला का?”

तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याला ती तरी काय करणार?

सुदर्शनची प्रगती भलतीच हळू होती. बाकीचे पत्र टाइप करायला लागले तरी हा एका बोटानं आपलं नावच शोधत बसायचा. ‘द’ सापडेपर्यंत वीज जायची. वीज गेली की म्हणायचा, “नाव अर्धंच राहिलं मॅडम, उद्या यावं लागणार.” क्लास सुटला की शंका काढायचा. शंका संपल्या की छत्री विसरायचा आणि ती घ्यायला परत माडी चढायचा.

एक दिवस हर्षाली जरा उशिरा पोचली. दारातून पाहते तर हा एकटाच बसलेला, दहाही बोटं चाललेली, आणि पडद्यावर पीकपाहणीचा अख्खा अहवाल तयार.

“येतं तुम्हाला!”

त्याची बोटं जागच्या जागी थांबली. “...येतं.”

“मग इथे कशाला येता?”

“परीक्षा सक्तीची आहे.”

“आणि एका बोटाचं नाटक? तेही सक्तीचं?”

“नाही,” तो म्हणाला, “ते मनापासून.”

हर्षालीनं फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं.

श्रावण लागला तेव्हा तिला त्या चहासाठी वेळ सापडला. एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये, खिडकीशेजारी. बाहेर ऊन पडलेलं आणि उन्हातच सर आलेली. शिवनेरीचा डोंगर ओला होऊन चमकत होता.

“हं. आता सांगा. चार आया,” ती म्हणाली.

“आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती तेव्हा,” सुदर्शन सांगायला लागला. “वडील मला घेऊन इथे जवरीलाल शेठच्या कापडाच्या दुकानात आले. शेठनं गोदामात झोपायला जागा दिली. पण जेवणाचं काय? मग माझे वार लावले. सोमवार-मंगळवार शेठच्याच घरी. सुमतीबाई, त्या माझी पहिली आई. पानात काही टाकलं तर हात धरून खायला लावायच्या. गुरुवार-शुक्रवार गोदामामागच्या कुशाबाईकडे. ती शिव्या घालत वाढायची आणि शिव्या घालत परत वाढायची. शनिवारी अर्धी शाळा झाली की एसटीनं घाटघरला, माझ्या आईकडे. लंकाबाई तिचं नाव.”

“बुधवार राहिला.”

“बुधवार सगळ्यात शेवटी सांगायचा म्हणून ठेवला.” तो कपातल्या चहाकडे बघत हसला. “बुधवारच्या आईला एकच वार जमायचा. तिचंच तिला पुरत नव्हतं. दुसऱ्याच्या रानात कामाला जायची. पण बुधवारी लवकर सुटून यायची, गरम भाकरी करायची, भाकरीवर तूप. स्वतः समोर बसून जेवायची. म्हणायची, सावकाश खा रं, येरवी एकटीला घास जात न्हाई, तू आलास की दोन भाकरी खाते मी. तिची मुलगी लांब शिकायला होती ना...”

हर्षालीच्या हातातला कप बशीवर वाजला.

सुट्टीत घरी आली की तिला चुलीजवळ पालथी घातलेली एक पितळी दिसायची. “ती नको घेऊ, बुदवारच्या पोराची हाय,” आई म्हणायची. कोण हा बुधवारचा पोरगा? आपण मंचरला आत्याच्या घरी मागून जेवायचं, आणि हा आपल्या आईच्या हातची तूप-भाकरी खातो? त्याचं नावसुद्धा तिनं कधी विचारलं नाही. एका सुट्टीत तर तिनं ती पितळी उकिरड्यावर भिरकावून दिली होती, आणि आईनं गुपचूप आणून, घासून, पुन्हा चुलीजवळ ठेवली होती.

“काय... काय नाव त्या आईचं?”

“साळुबाई. ओळखता?”

“नाही,” हर्षाली म्हणाली. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं ती कधी बोलली नव्हती.

सुदर्शन आपल्याच नादात होता. “आता नोकरी इथे लागली, खोली घेतली. म्हटलं, पिठोरी अमावास्येला चौघींना घरी जेवायला बोलवायचं. मातृदिन ना तो. लहानपणी आई वाण द्यायची बघा, खीर-पुरी खांद्यावर धरून विचारायची, ‘अतित कोण?’ आणि मागून आपण म्हणायचं, ‘मी.’ मला चौघींच्या मागे उभं राहून ‘मी’ म्हणायचंय. एकदा तरी.” तो थांबला. छत्रीची मूठ उगाच फिरवत म्हणाला, “आणि त्या दिवशी चौघींना... कुणीतरी दाखवायचंय. तुम्ही याल?”

इतक्या दिवसांपासून ज्या शब्दांची वाट बघितली ते शब्द आले, आणि हर्षालीला रडू आलं.

“मला नाही जमणार,” ती म्हणाली आणि उन्हातल्या पावसात छत्री न उघडताच निघून गेली. बिचारा सुदर्शन दोन कपांसमोर बसून राहिला.

शहरातल्या माणसांना यात रडण्यासारखं काय ते कळायचं नाही. पण आपल्याकडे एखाद्या बाईला चारचौघांत आई मानलं, तिच्या हातून वाण घेतलं, की तिची मुलगी बहीण होते. रक्ताच्या नात्याला कुणी विसरेल, मानलेल्या नात्याला गाव विसरू देत नाही. सुदर्शननं पिठोरीला साळुबाईच्या मागे उभं राहून ‘मी’ म्हटलं, की तो हर्षालीचा भाऊ. कायमचा. मग कुणाला दाखवायचं आणि कुणी बघायचं?

त्यात साळुबाईनं भर घातली.

“हर्षे, पुनवंला पोराला बोलावलंय म्या,” ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. “घाटघरच्या. सायब झालाय आता, पर माज्या पाया पडला बग रस्त्यात, समद्यांदेखत. तू राखी बांद त्याला. तुला भाऊ न्हाई, त्याला बहीन न्हाई. लई दिसांचं मनात हाय माज्या.”

राखी पौर्णिमेच्या सकाळी पहिल्या गाडीनं हर्षाली मंचरला पळाली. आतेभावाला राखी बांधायची, वर्षानुवर्षांची रीत, कशी मोडू, वगैरे वगैरे. आतेभावालाही तिच्या या एकाएकी आलेल्या मायेचं नवल वाटलं. संध्याकाळी परतली तर साळुबाई नाराज होती, पण हरली नव्हती. “असू दे. पिठोरीला चल माज्यासंगं. तिथंच गाठ घालते भावा-बहिनीची.”

सांगून टाकावं आईला, असं तिला रोज वाटायचं. एकदा तिनं सुरुवातही केली. “आई, तो जो तुझा—”

“हर्षे,” साळुबाई मधेच म्हणाली, हातातलं लुगडं झटकून पुन्हा घडी घालत, “त्यानं मला आयांमदी मोजलं गं. म्या एकच वार जेवू घातलं त्याला. शेठानीनं दोन-दोन वार घातलं. तरी मला तिच्या बरुबरीनं बोलावलंय.” तिचा चेहरा असा उजळला होता की हर्षालीनं तिच्या हातातलं लुगडं घेतलं आणि स्वतःच घडी घातली. बोलावं तर आईचा मुलगा जातो. न बोलावं तर आपला... तो आपला कोण, हे अजून त्यानं तरी कुठे पुरतं म्हटलं होतं?

तिनं क्लासची वेळ बदलून घेतली. एक दिवस तो माडीच्या जिन्यात उभा होता.

“माझं काही चुकलं का मॅडम?”

“नाही.”

“मग याल?”

“नका ना विचारू...” ती कठड्याला धरून म्हणाली. तो बाजूला झाला. जाताना तिची ओढणी त्याच्या हाताला लागली आणि त्यानं हात मागे घेतला. याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

पिठोरी नेमकी बुधवारीच आली. “बुदवारच हाय बग!” साळुबाई सकाळपासून चार वेळा म्हणाली.

खरं तर पिठोरीची पूजा संध्याकाळची. पण सुमतीबाईंचे पर्युषणाचे दिवस चालू होते. त्यांचं एकासणं, म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं, आणि सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. म्हणून सुदर्शननं जेवण सकाळीच ठेवलं, न्याहारी टळून गेल्यावर आणि दुपार व्हायच्या आत. “सांजच्याला आपापल्या घरची पूजा करू,” कुशाबाईनं सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला होता. “देवाला एका दिसात दोनदा खीर मिळाली तर त्यो काय रागावतोय व्हय!” पिठोरीच्या उपासाचं काय, असं कुणी विचारलं तर ती म्हणाली, “लेकराच्या घरचं उपासाला चालतंय.”

सुदर्शनची खोली म्हणजे एक पुढची आणि एक मागची. दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्यापुढे रांगोळी. रांगोळीचे ठिपके एका ओळीत नव्हते, म्हणजे ती त्यानंच काढली होती. साळुबाई पुढे, हर्षाली तिच्या पाठीमागे. ती आईच्या आड लपता येतं का ते बघत होती. पण साळुबाई तिच्या खांद्याइतकीच होती.

“या आई, या...” सुदर्शन वाकून साळुबाईच्या पाया पडला. उठला. आणि तिच्या खांद्यावरून त्यानं पाहिलं.

“मॅडम! तुम्ही आलात?”

इतका आनंद कुणाच्या चेहऱ्यावर इतक्या पटकन येतो आणि इतक्या पटकन जातो, हे हर्षालीनं तेव्हा पाहिलं. कारण साळुबाई हसत म्हणाली, “मॅडम कसली रं? माजी हर्षा ही. मंचरला व्हती ती. तुजी भनच की!”

सुदर्शन दारातून बाजूला सरकला. हर्षालीनं खाली बघितलं. त्याच्या पायाच्या अंगठ्याला रांगोळी लागली होती.

आत तिघी आधीच येऊन बसल्या होत्या. सुमतीबाई जाड काचेच्या चष्म्यातून सगळीकडे बघत, सोबत उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या. कुशाबाई भिंतीला टेकून. आणि कोपऱ्यात, पाय पोटाशी घेऊन, घाटघरहून पहाटेच्या एसटीनं आलेली लंकाबाई. आपल्याच मुलाच्या घरात ती पाहुण्यासारखी बसली होती. या बाकीच्या तिघींनी आपलं पोर वाढवलं, म्हणून ती प्रत्येकीच्या पाया पडायला उठत होती आणि त्या तिला खाली बसवत होत्या.

“तुमी व्हता म्हनून...” ती साळुबाईला म्हणायला लागली.

“मी कसली, एक वार तर घातला,” साळुबाई म्हणाली आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले.

स्वयंपाक सगळा त्यानं स्वतः केला होता, आणि प्रत्येकीच्या घरचा एक पदार्थ. सुमतीबाईंची पापडाची भाजी, कारण या दिवसांत त्यांना हिरवं चालत नाही, बटाटा-कांदा तर नाहीच. कुशाबाईची वाटाण्याची उसळ. घाटघरच्या तांदळाची खीर. आणि बाजरीची भाकरी, तूप.

“भाजीत हिंग जास्त झालं बेटा,” सुमतीबाई म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा मागून घेतली.

“उसळ माझ्यासारकी न्हाई जमली,” कुशाबाई म्हणाली. “तुझ्या बापाला तरी असलं खायला घालशील का मेल्या? वाढ आनखी.”

साळुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला. पदरानं डोळे टिपले आणि सगळी भाकरी खाल्ली.

हर्षाली मागच्या खोलीत पुऱ्या तळायला बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण पुढच्या खोलीत बसवेना. सुदर्शन पुऱ्या न्यायला आला की दारात थांबायचा.

“त्या दिवशी कँटीनमध्ये... म्हणून गेला होतात तुम्ही?” त्यानं अगदी हळू विचारलं.

तिनं मान हलवली.

“सांगायचं होतंत.”

“तिला विचारा, आज किती आनंदात आहे ती. मग सांगा मला, कसं सांगायचं होतं.”

तो तिथेच उभा राहिला. कढईतली पुरी फुगली, लाल झाली, काळी झाली. दोघांपैकी कुणालाही ती काढायचं सुचलं नाही.

“पुरी जळली काय गं?” पुढून कुशाबाई ओरडली. तिचं नाक फार तिखट होतं, आणि डोळेही.

जेवणं झाली आणि वाणाची वेळ आली. आधी लंकाबाई पाटावर बसली. पदर डोक्यावरून घेतला, ‘आई’ लिहिलेलं नवं ताट खीर-पुरीसकट खांद्यावर धरलं आणि मागे न बघता विचारलं, “अतित कोन?”

“मी,” सुदर्शन म्हणाला आणि ताट घेतलं.

मग सुमतीबाई. “आमच्यात हे नसतं बेटा,” त्या म्हणाल्या, “पण तू माझ्या कल्पेशच्या पंगतीला जेवलास. कल्पेश मुंबईत बसला आहे, तू इथे आहेस. धर. अतित कोण?” “मी.” मग कुशाबाई. तिनं विचारायच्या आधीच धमकी दिली, “जोरात बोल, मला कमी ऐकू येतंय.” “मी!” सगळ्या हसल्या.

शेवटी साळुबाई.

ती पाटावर बसली. लुगड्याचे काठ नीट केले. खुरपून रापलेल्या हातांनी ताट उचलून खांद्यावर धरलं. बुधवार होता, पिठोरी होती, आणि आज तिला मुलगा मिळणार होता.

“अतित कोन?”

सुदर्शन तिच्या मागे उभा होता. त्यानं तोंड उघडलं... आणि मिटलं.

दारात हर्षाली झारा हातात घेऊन उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, इतका तो एकटा दिसत होता.

“अतित कोन?” साळुबाईनं पुन्हा विचारलं. या वेळी आवाज बारीक आला. ताट खांद्यावर कलायला लागलं. तिच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं तिला काय वाटतंय ते. एकच वार घातला म्या. मला कशाला मोजंल?

ते हर्षालीला बघवेना. तिला एकदम मंचरचं घर आठवलं. पिठोरीला आत्या आपल्या मुलांना वाण द्यायची आणि ही चौकटीला टेकून बघत राहायची. इतकी वर्षं आईच्या मागे उभं राहून एक शब्द म्हणायचा राहून गेला होता, आणि तो शब्द आज दुसऱ्याच्या तोंडी जाणार होता. तो बोलला तरी सगळं जाणार होतं आणि नाही बोलला तरी जाणार होतं.

तिनं झारा ठेवला. सुदर्शनच्या शेजारून पुढे झाली.

“मी,” ती म्हणाली आणि ताट धरलं.

साळुबाई चमकली. “हर्षे? आगं... त्याचं व्हतं त्ये.”

“माझं आहे.” तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. “आई माझी आहेस तू. एकटीची. इतके बुधवार त्यांना दिलेस, मी काही म्हटलं नाही... पण आज नको. त्यांना माझा भाऊ नको करू, आई. मला... मला नको ते माझे भाऊ.”

सुमतीबाईंनी चष्मा काढून पुसला. कुशाबाईनं सुदर्शनकडे पाहिलं, हर्षालीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं. “तरीच म्हनलं,” ती पुटपुटली, “पुरी कशानं जळली.”

साळुबाई पाटावरच वळून बसली. मुलीच्या हातातल्या ताटाकडे तिनं बघितलं. मग सुदर्शनकडे.

“खरं हाय?”

त्यानं मान खाली घातली. “मला माहीत नव्हतं, आई, ही तुमची—”

“आई म्हनू नको.”

लंकाबाई कोपऱ्यातून अर्धवट उठली आणि तशीच राहिली. हर्षालीला वाटलं, आपण एका शब्दात सगळ्यांचं सगळं घालवलं.

साळुबाईनं पदर डोळ्यांना लावला. तो तिथेच धरून ती म्हणाली, “आई म्हनू नको आता. मामी म्हन. जावय सासूला मामी म्हनत्यात आमच्यात.”

सुदर्शननं एकदम वर पाहिलं. “मामी...” तो म्हणाला, आणि इतका मोठा कृषी सहायक रडायलाच लागला.

“बुदवारचं पोर गेलं म्हनायचं माजं,” साळुबाई हसत-रडत म्हणाली.

“जातंय कुठं?” लंकाबाई आता पुरती उठून तिच्याजवळ आली. सकाळपासून ती पहिल्यांदाच मोकळ्या आवाजात बोलली. “आता सातीवार तुमचंच. मला तुमची लेक द्या म्हंजे झालं.”

हर्षालीनं ताट छातीशी धरलं होतं. सुदर्शननं डोळे पुसले, तिच्याजवळ आला आणि त्या खीर-पुरीकडे बघत हळूच म्हणाला, “तिघींची वाणं मिळाली. चौथं मात्र गेलं माझं.”

“अर्धी पुरी देऊ?” तीही तितक्याच हळू म्हणाली.

“देऊ नको गं!” साळुबाईनं ऐकलंच. ती कुशाबाईकडे वळली. “काय वो कुशाबाई, पुढल्या साली अधिक महिना हाय न्हवं?”

“हाय की. श्रावनच अधिक हाय.”

“मंग याचं वान तवा,” साळुबाई म्हणाली. “तवर ऱ्हाऊ दे त्याला रिकाम्या हातानं.”

अधिक महिन्यात वाण कुणाला देतात, हे त्या खोलीत कुणाला विचारावं लागलं नाही. सुदर्शननं हात मागे घेतले आणि हर्षालीनं, सगळ्यांच्या देखत, त्याच्याकडे बघून पोटभर हसून घेतलं.